खांब सरकला!

"ए टाचणी, बघ ग जरा, खांब कुठवर पोचला! आज बाजारहाट करून येतोय म्हणे!"

धक्क्यावर बसलेल्या पोरांत हशा पिकला. टाचणीने हातातली दोरी खाली टाकली आणि बाह्या सरसावल्या. ती नावासारखीच होती. अंगाने काडी, पण टोचली की रक्त काढणारी. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाने मागून तिचा फ्रॉक घट्ट पकडला. हा भाऊ दिवसभर तिच्या मागे असायचा, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत.

"ताई, नको ना! तू मारामारी केलीस की मलाही करावी लागते. आणि माझा दात हलतोय!"

टाचणी थांबली, पण बाह्या तिने खाली केल्या नाहीत. सुट्टीच्या पहिल्याच दिवसापासून सगळं बिघडलं होतं.

टाचणीचे बाबा फेरीबोटीचे चालक. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, या तीरावरून त्या तीरावर, वीस वर्षं ते माणसं नेत-आणत होते. मागच्या आठवड्यात सोमवारी, पंधरा दिवसांची रंगरंगोटी संपवून बोट पाण्यात उतरली आणि पहिल्याच फेरीला मुखाशी गाळात रुतली. असा धक्का बसला, की पुढे उभा असलेला खलाशी उडून कठड्यावर आपटला आणि त्याचा पाय मोडला. तो खलाशी म्हणजे टाचणीच्या मित्राचा, गप्प्याचा बाप.

बंदरसाहेबांनी त्याच दिवशी निकाल लावून टाकला. "वाटेत नऊ फूट पाणी होतं. बोटीला सहा लागतं. नऊ फुटात बोट रुतते? चालकाचे डोळे गेलेत!"

बाबा एवढंच म्हणाले, "साहेब, खांब सरकलाय."

"खांबाला पाय फुटले का?" साहेब म्हणाले, आणि सगळं गाव हसलं. वीस वर्षं ज्यांना बाबांनी सुखरूप पलीकडे नेलं तेही हसले. माणूस खाली पडला की त्याच्यावर हसायला पैसे पडत नाहीत.

आता शनिवारी चौकशी होती. वरून एक अधिकारी बाई येणार होत्या. बाबा हरले तर त्यांचा परवाना कायमचा जाणार होता. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. ते दिवसभर खिडकीशी बसत आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचून बघत. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. टाचणीला ते बघवत नव्हतं.

"मी हसलो नाही हां," मागून आवाज आला.

गप्प्या होता. ज्या तोंडातून एरवी दिवसाला दहा थापा निघत, ते नऊ दिवस तिच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. त्याच्याशेजारी चष्मा लावलेली एक मुलगी उभी होती. त्याची आतेबहीण, सुट्टीला आलेली. तिला सगळे पाहुणीच म्हणत.

"हसायचं होतंस," टाचणी म्हणाली. "तुझ्याच बापाचा पाय मोडलाय."

"बाप काय म्हणतो माहितीये? म्हणतो, तिचे बाबा खोटं बोलत नाहीत आणि झोपेत बोट चालवत नाहीत. ते म्हणतात खांब सरकला, तर जाऊन बघायला काय जातं? गावातल्या एकालाही एवढं सुचू नये!" गप्प्याने नाक ओढलं. "होडी काढतोस का म्हणून मलाच विचारलं त्याने. पाय छताला टांगलेला, आणि हुकूम बघा!"

"मग काढ की!" शेपूट ओरडला.

साडेनवाला ओहोटी पुरी लागली होती. चौघांची होडी मुखाकडे निघाली.

खांब म्हणजे पाणी मोजायचा लोखंडी खांब. त्यावर फुटाफुटाला उठावाचे आकडे, पांढरे रंगवलेले. तळाशी शून्य, वर पंधरा. फेरीच्या वाटेवरची जी सगळ्यात उथळ जागा, तिथे तो रोवलेला असे. तिथे पाणी पुरेसं आहे म्हणजे सगळीकडे आहे.

"वाचायचा कसा?" पाहुणीने विचारलं.

"सोपं आहे. पाणी ज्या आकड्याला टेकलंय त्यातून, तळाचा गाळ ज्या आकड्यापर्यंत चढलाय तो वजा करायचा. उरलं ते खरं पाणी," टाचणी म्हणाली. "हे काम माझ्या मामाचं. तो मोजणीदार आहे. पाण्याचा आकडा धक्क्यावरून दुर्बिणीने घेतो, आणि आठवड्यातून एकदा लाँचने येऊन गाळ बघतो."

बाबांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, की खांब, त्याच्या मागे दिव्याचा मनोरा आणि त्याच्या मागे पाण्याची टाकी, तिन्ही एका रेषेत आले की वाट बरोबर. टाचणीने होडी त्या रेषेवर आणली. मनोऱ्यामागे टाकी अगदी झाकली गेली. आणि खांब?

खांब चांगला तीस पावलं उजवीकडे होता!

"अगंबाई!" पाहुणीने चष्मा पुसला.

"चष्म्यात काही नाही. खांबातच आहे!" गप्प्या म्हणाला. "सरकलाय! बाप शप्पथ, सरकलाय!"

"साहेब म्हणतील, पोरांना रेषा कळत नाही," टाचणी म्हणाली. "अजून काहीतरी हवं. खांबाजवळ घे."

खांबावर पाणी पाचला टेकलं होतं. पाणी गढूळ, आतलं काही दिसेना. शेपटाने होडीतून पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"वर खरखरीत! शिंपल्या चिकटल्यात. आई ग, टोचतात! आता चार... आणि खाली गुळगुळीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे गुळगुळीत! एकसुद्धा शिंपली नाही. बघ!" त्याने हात वर काढला. बोटांना घट्ट काळा चिखल चिकटला होता.

गप्प्याने बुडी मारली आणि खांबाच्या पायाशी चाचपून वर आला. "तळाला गाळच नाही! शून्याचा आकडा हाताला लागतो!"

शिंपल्या चिकटायला मोकळं पाणी लागतं. गाळात गाडलेल्या लोखंडाला त्या चिकटत नाहीत; आधीच्या असल्या तरी मरून गळतात. हा खांब चार फूट गाळात गाडलेला होता. आणि आज तो जिथे उभा होता तिथे गाळ नव्हता. कुणीतरी उपटून आणला होता!

परत येताना तिने जुन्या जागेवर बाबांचं शिसं टाकलं. दोरीला बांधलेला जड गोळा. त्याच्या बुडाला खोलगा, आणि खोलग्यात साबण कोंबलेला. तळाला जे काही असेल ते साबणाला चिकटून वर येतं. दोरी एक फुटातच सैल पडली. साबणाला जाडी, पिवळी वाळू आणि तिच्याखालचा काळा चिखल चिकटला होता.

"पण एवढा गाळ आला कुठून?" गप्प्याने विचारलं.

पाहुणी ताठ बसली आणि एका दमात म्हणाली, "नदी समुद्राला मिळते तेव्हा तिचा वेग मंदावतो व तिने वाहून आणलेला गाळ मुखाशी साचतो. त्यामुळे पंख्याच्या आकाराचा त्रिभुज प्रदेश तयार होतो. चार गुण."

"पाठ आहे, की कळलंय?"

"पाठ आहे," पाहुणीने प्रामाणिकपणे सांगितलं.

"चल, कळवते."

टाचणीच्या घरामागे नळ होता आणि धुणं धुवायची उतरती फरशी. फरशीच्या टोकाला तिने पाण्याने भरलेलं पसरट घमेलं टेकवलं. वर वाळू-मातीचा ढीग लावला आणि नळ बारीक सोडला.

"हा नळ म्हणजे नदी. घमेलं म्हणजे समुद्र. बघत राहा."

पाणी माती घेऊन धावत आलं आणि घमेल्यात शिरताच एकदम ढेपाळलं. जाडी वाळू तिथल्या तिथे बसली. बारीक माती ढगासारखी पुढे गेली आणि हळूहळू खाली बसली. बघता बघता तोंडाशी उंचवटा झाला.

"हातातलं ओझं दारातच टाकलं!" शेपूट म्हणाला.

"हो. आता गंमत आहे. टाकलं, पण कुठे? स्वतःच्याच वाटेत!"

उंचवटा वाढला. पाण्याला समोर जाता येईना. त्याने डावीकडे-उजवीकडे ढुशा दिल्या आणि दोन फाटे फुटले. डावा फाटा थोड्या वेळात बुजला. उजव्याने मात्र जोर धरला आणि खोल चर पाडला. त्याच्याही तोंडाशी नवा उंचवटा, पुन्हा नवे फाटे. घमेल्यात पंखा उघडत गेला.

"कळलं!" पाहुणी ओरडली. "नदी आपणच आपली वाट बुजवते आणि नवी काढते! हे पुस्तकात असं का नाही लिहीत? मुखाशी जुन्या वाटेवर गाळ चढला, आणि बाजूला नवीन खोल वाट पडली! खांब नेमका त्या खोल वाटेत नेऊन रोवलाय!"

"पण ज्याने रोवला त्याला हे सगळं माहीत पाहिजे," गप्प्या म्हणाला. "नवी वाट कुठे पडली, गाळ कुठे नाही... एवढं इथे कुणाला कळतं?"

टाचणीचा हात नळावरच राहिला. घमेल्याचा हा खेळ तिला कुणी शिकवला होता? याच नळावर, याच घमेल्यात, ती सहा वर्षांची असताना?

"कुणाला कळतं ग?" गप्प्याने पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," टाचणी म्हणाली. गप्प्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

मोजणीची खोली धक्क्याच्या टोकाला होती. एक टेबल, खिळ्याला दुर्बीण, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता. मामा तक्त्याकडे पाठ करून बसला होता. आईचा एकुलता एक भाऊ. त्यांच्याच घरी राहायचा, त्यांच्याच पंगतीला जेवायचा. पण सोमवारपासून तो ताटावरून अर्धवट उठत होता. आई म्हणायची, भाऊजींची काळजी लागलीये त्याला.

टाचणीने टेबलावर शिसं ठेवलं. साबणावर पिवळी वाळू तशीच होती.

"कुठली आहे मामा?"

मामाने बघितलं. त्याला सांगावं लागलं नाही. "कुणाकुणाला माहितीये?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"तूच हलवलास!"

"ओरडू नकोस ग! ऐकून घे. गाळ तीन वर्षं चढतोय. मी दर आठवड्याला लिहीत होतो. एक फूट, दोन, तीन. चार लिहिलं तेव्हा साहेबांनी बोलावलं. चार वजा केले की अर्धा दिवस फेरी बंद ठेवावी लागते. मग गाळ काढायचं यंत्र मागवा, मग वरचे विचारणार, तीन वर्षं झोपला होतात का? साहेब म्हणाले, मला चार दिसता कामा नये. शून्य आण. कसं आणायचं ते तुझं तू बघ."

"आणि तू आणलंस!"

"नोकर माणूस मी! बोट रंगाला गेली होती तेव्हा खांब काढला. फेरी मंगळवारपासून सुरू व्हायची होती. सोमवारी संध्याकाळी मी तुझ्या बाबांना सांगणारच होतो, वाट बदला म्हणून. साहेबांनी फेरी एक दिवस आधीच सोडली..."

"आणि त्यानंतर? नऊ दिवस झाले मामा! बाबा खिडकीत बसून एकेक डोळा झाकून बघतात. खरंच डोळे गेले असं वाटायला लागलंय त्यांना. तू समोर बसून जेवतोस!"

मामाने तोंड ओंजळीत लपवलं. "माझी नोकरी जाईल ग. ताई मला घरात घेणार नाही. तू... तू सांगणार आहेस?"

टाचणीला रडू येत होतं आणि रागही येत होता. आधी कुठलं बाहेर काढावं तेच कळेना. तिने शिसं उचललं.

"मी तुझं नाव घेणार नाही. तूच घे."

शनिवारी साहेबांच्या खोलीत पंखा घरघरत होता. भिंतीवर साहेबांचा लाँच चालवायचा परवाना चौकटीत लावलेला; त्यावर धूळ. अधिकारी बाई टेबलामागे, बाबा समोर उभे. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला कुणी खुर्ची दिली नव्हती. मामा नोंदवही छातीशी धरून कोपऱ्यात. चौघं मुलं दाराशी.

"हे बघा मॅडम," साहेबांनी नोंदवही मागून घेतली. "सोमवार. पाणी नऊ, गाळ शून्य. खरं पाणी नऊ. आजही ओहोटीला पाणी पाच, गाळ शून्य. कागद कधी खोटं बोलत नाही."

"बाबाही बोलत नाहीत!" टाचणी म्हणाली.

"ही कोण? बाहेर काढा हिला!"

"साहेब, एकच विचारते. आत्ता पावणेबारा झालेत. वाटेत पाच फूट पाणी आहे ना? आणि तुमच्या लाँचला तीनच लागतं?"

"मग?"

"मग दिव्यामागे टाकी धरून सरळ जाऊन दाखवा. डोळे चांगले असले की रुतत नाही म्हणता ना! का... परवाना नुसता भिंतीसाठी आहे?"

खोलीत कुणीतरी खोकलं. पाहुणीने डोळे मिटून घेतले. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मलाही जागा बघायचीच आहे," त्या म्हणाल्या. "चला."

साहेबांचे कान लाल झाले, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. आणि संतापाची गोष्ट हीच, की तो माणूस नाटक करत नव्हता! त्याने शून्य मागितलं, कागदावर शून्य आलं. तेव्हा गाळ गेलाच असा त्याचा पक्का विश्वास होता. पाण्यावर तो तीन वर्षांत गेला नव्हता. गेला असेल तर नोंदवहीतच.

लाँच निघाली. साहेब चक्रावर; मागे अधिकारी बाई, बाबा, मामा, टाचणी आणि शेपूट. दिव्यामागे टाकी झाकली गेली. मामा पुढे सरकला.

"साहेब, जरा उजवीकडून..."

"तू गप्प बस! खांबावर पाच आहेत, मला दिसतंय!"

धप्प!

साहेब चक्रावर आदळले, टोपी पाण्यात गेली, लाँच एका अंगाला कलली. मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. शेपटाने उडी मारली होती!

"शेपट्या!" बाबा ओरडले.

"काय झालं?" शेपूट समोर उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं. "मॅडम, हे बघा! खांबावर पाच, माझ्या पायाला एक!"

टाचणीने होडी मागवून घेतली. गप्प्या ती वल्हवत मागेच होता. तिने अधिकारी बाईंना खांबापाशी नेलं. बाईंनी बाही वर करून स्वतः हात बुडवला. वर खरखरीत, चारच्या खाली गुळगुळीत. त्यांनी काळी पडलेली बोटं बराच वेळ बघितली.

"हा खांब कुणी हलवला?" लाँचपाशी परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक!" साहेब ओरडले. "या मोजणीदाराने खोटं लिहून दिलं मला! यालाच विचारा!"

टाचणीने खाली बघितलं. तिने शब्द दिला होता. बाबा मामाकडे वळले. त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

मामा लाँचवरून खाली उतरला आणि घोट्याभर वाळूत उभा राहिला.

"मी हलवला," तो म्हणाला. "शून्य साहेबांनी मागितलं, पण खांबाला हात माझे लागले. भाऊजींचे डोळे ठीक आहेत. माझ्यापेक्षा ठीक आहेत." मग त्याने नोंदवही उघडून जुनी पानं बाईंच्या पुढे धरली. "एक, दोन, तीन, चार. दर आठवड्याला लिहिलंय. खाली साहेबांची सही आहे."

साहेबांची टोपी वाहत वाहत नव्या वाटेने समुद्राकडे चालली होती. ती काढायला कुणी उठलं नाही.

बाबांचा परवाना त्याच दुपारी परत मिळाला. साहेबांना वरचं बोलावणं आलं. मामाला घरी बसवलं. अधिकारी बाईंनी चौघांच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांनी जे तपासायला हवं होतं ते तुम्ही तपासलंत. शाबास!" गप्प्याच्या बापाने टांगलेल्या पायानिशी टाळ्या वाजवल्या आणि कळ आली म्हणून शिव्याही दिल्या. धक्क्यावर तर नुसती झुंबड! "शाबास ग पोरी! आम्ही म्हणतच होतो!"

"तुम्ही हसत होतात," टाचणी म्हणाली. गर्दी जरा पांगली.

घरात मात्र कुणी नाचलं नाही. आईने भावाला ताट वाढलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी फेरीसाठी नवी वाट शोधायची होती. सकाळी बाबा मामाच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि शिशाची दोरी त्याच्या अंगावर टाकली.

"चल. मोजायला येतं ना तुला?"

रिकामी फेरीबोट मुखाकडे निघाली. मामा पुढच्या टोकावर उभा राहून शिसं टाकत होता. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी तेवढी एक वाव. प्रत्येक वावेला दोरीला गाठ.

"एक वाव!... दीड!... दोन वाव! दोन वाव पाणी, भाऊजी! इथून वळवा!"

बाबांचे हात चक्रावर होते. चक्र हललं नाही. त्यांनी टाचणीकडे बघितलं.

मामाने दोरी तिच्या हातात दिली. टाचणीने शिसं टाकलं. दोरी सरसरत गेली, एक गाठ, दुसरी गाठ, आणि सैल पडली. तिने पुन्हा एकदा टाकून बघितलं.

"बरोबर दोन आहेत, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी चक्र फिरवलं. मामा खाली मान घालून ओली दोरी गुंडाळत राहिला, पुढच्या मापासाठी.